जिऑलॉजीत मास्टर्स आणि पीस कोअर एकत्र : कुणी केलंय का?

रेवाची_आई

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

आम्ही न्यू जर्सीत. लेक इथेच जन्मलेली, जिऑलॉजीत बॅचलर्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. मास्टर्स करायचं हे नक्की होतं, त्यावर आमच्यात वाद नव्हता. पण गेल्या महिन्यात जेवताना सहज म्हणाली की मला पीस कोअरमध्ये (अमेरिकन सरकारची संस्था, स्वयंसेवकांना दोनेक वर्षं परदेशातल्या गावांत कामाला पाठवते) पण जायचंय, दोन्ही एकत्र करता येतं, मिशिगन टेक युनिव्हर्सिटीत तसा प्रोग्राम आहे, ज्वालामुखी आणि दरडींवर काम करायचं आणि तेच थिसिसमध्ये घालायचं. बाबा म्हणाले आधी डिग्री हातात घे मग जगाचं भलं कर, ती रुसली, आणि मी मधल्या मध्ये.

मी शोधायला बसले तर त्या प्रोग्रामबद्दल सगळं जुनंपानं सापडतंय. चालू आहे की बंद हेच कळत नाही. शिवाय जिथे पाठवतात ते देश कितपत सुरक्षित, दोन वर्षांनी परत येऊन अभ्यासाची लिंक लागते का, पैशाचं काय, हे सगळं डोक्यात घोळतंय. ओळखीत डॉक्टर, आयटीवाले ढिगाने आहेत, दगडवाले कुणी नाही. कुणाला माहिती असेल तर प्लीज लिहा.

---

आगाऊ_कार्टा

काकू, अमेरिकेत जन्मून परत विहिरीवर पाणी भरायला जायचंय म्हणते, पोरगी गुणी आहे :ड

बाकी काही माहिती नाही, वाचतोय.

---

केवीनॉकर

रेवाची_आई, मी केलंय. मिशिगन टेकलाच, त्याच प्रोग्राममधून, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, चहा घेऊन बसा.

आधी वाईट बातमी. तो जो एकत्र प्रोग्राम होता, मास्टर्स इंटरनॅशनल नावाचा, तो पीस कोअरने २०१६ मध्ये बंद केला. फक्त मिशिगन टेकचा नाही, देशभरातला सगळाच. १९८७ पासून चालू होता आणि बऱ्याच युनिव्हर्सिट्या त्यात होत्या. जिऑलॉजीवाला भाग मिशिगन टेकमध्ये बिल रोझ या ज्वालामुखी तज्ज्ञांनी उभा केला. ते स्वतः ग्वाटेमालात सांतियागितो ज्वालामुखीवर कित्येक दशकं काम करत होते, आणि विद्यार्थी नुसता उन्हाळ्यात सँपल गोळा करून न येता गावात राहिला पाहिजे हा त्यांचा आग्रह. लेकीने वाचलंय ते खोटं नाही, फक्त जुनं आहे.

तेव्हा पद्धत अशी होती की पहिलं वर्ष कँपसवर कोर्सेस, मग २७ महिने पीस कोअर, त्यातले पहिले तीनेक ट्रेनिंगचे आणि पुढची दोन वर्षं गावात, आणि मग परत येऊन थिसिस लिहून डिफेंड. म्हणजे मास्टर्सला साडेतीन-चार वर्षं धरायची.

मिशिगन टेक ज्या गावात आहे त्या हॉटनबद्दल एक सांगते कारण मराठी माणसाला गंमत वाटेल. ते गाव लेक सुपिरियरच्या काठी केवीनॉ नावाच्या टोकावर, बर्फ इतका की दुसऱ्या मजल्याच्या खिडकीखाली ढीग येतो. पण बर्फाखाली काय तर बेसॉल्ट! लाव्ह्याचे थरावर थर, अगदी आपल्या सह्याद्रीसारखे, फक्त आपले ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे आणि तिथले सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वीचे. पुण्याजवळच्या खाणीत बेसॉल्टच्या पोकळ्यांत झिओलाईटचे स्फटिक मिळतात ना, तशाच पोकळ्यांत तिथे शुद्ध तांबं भरलेलं असतं, धातूच, संयुग नाही. पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा आईला फोन करून सांगितलं होतं की इथल्या दगडात घरच्या तपेल्याचं तांबं आहे.

मला पाठवलं एल साल्वादोरला, सान व्हिसेंते ज्वालामुखीच्या पायथ्याला. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये तिथे एका रात्रीत तुफान पाऊस पडून डोंगराच्या वरच्या उतारावरची सैल राख, माती, घराएवढे धोंडे असं सगळं खाली वेरापाझ गावात शिरलं होतं, बरीच माणसं गेली. मी त्यानंतर गेले. लक्षात घ्या, ज्वालामुखी फुटला नव्हता. तो शेकडो वर्षं शांत आहे. लोकांना वाटतं धूर नाही म्हणजे धोका नाही, आणि खरा धोका पावसाचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे कुणी आधी सांगत नाही. पीस कोअरमध्ये जिऑलॉजिस्ट अशी पोस्ट जवळजवळ नसतेच. कागदावर माझं काम होतं गावाच्या नगरपालिकेला मदत करणं. म्हणजे मीटिंगा, याद्या, शाळेत पोरांना नकाशे काढायला लावणं, वीकएंडला कुणाच्या तरी पुपुसाच्या (तिकडची सारण भरलेली मक्याची भाकरी) गाडीवर गप्पा. जिऑलॉजी त्यात आपण आपली घुसवायची. लेकीला ते जमणार असेल तर जा, तिथे रॉक हॅमर घेऊन रोज डोंगरात फिरायचंय असं डोक्यात असेल तर नको, निराश होईल.

थकले टाईप करून. बाकी उद्या.

---

मनीमाऊ

केवीनॉकर, भारी! पण मग थिसिस कशावर केलात? मीटिंगांवर? :)

---

केवीनॉकर

हसू नकोस, अर्धा तसाच होता. पावसाचे मोजमाप आणि लोक धोका कसा समजतात यावर.

उतारावर किती पाऊस पडल्यावर माती सुटते हे कळायचं तर वरच्या वाड्यांमध्ये पाऊस मोजायला हवा, आणि पावसाचं तिथे असं असतं की खाली बाजारात ऊन आणि वर धो धो. मग साधे प्लास्टिकचे पर्जन्यमापक, मिलिमीटरच्या खुणावाले, खांबावर लावले. एक शाळेतल्या बाईंकडे, एक कॉफीच्या मळ्यावरच्या मुकादमाकडे, एक चर्चच्या मागे. सकाळी सहाला आकडा बघायचा, वहीत लिहायचा, पाणी ओतून टाकायचं आणि फोनवर कळवायचं. सोपं वाटतं ना? चर्चच्या मागचा आकडा दर सोमवारी शून्य. भर पावसाळ्यात! मी डोकं खाजवतेय, दुसरं मापक लावलं, तेही शून्य. शेवटी कळलं की डेंग्यूवाले आरोग्य कर्मचारी रविवारी घरोघर फिरायचे आणि साचलेलं पाणी दिसेल तिथे उपडं करायचे, माझं मापकही त्यांच्या हिशेबात डासांचं घर. त्यांचं काही चूक नव्हतं, उलट फार मन लावून करत होते. मग त्यांच्यातल्याच एका आजोबांना ते मापक सोपवलं. गावातला सगळ्यात चांगला डेटा त्यांचा आला.

हे कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत. उपकरण लावणं हे काम नव्हेच, ते उद्या कोण वाचणार हे ठरवणं हे काम.

---

फाईलवाला

मी इमिग्रेशन-टॅक्स असली कामं करतो, पीस कोअरवाल्या दोघा-तिघांचे कागद बघितलेत म्हणून व्यवहाराचं लिहितो, बाकी जिऑलॉजी मला शून्य.

पहिलं, अमेरिकन नागरिक असणं सक्तीचं. ग्रीन कार्ड चालत नाही. तुमची मुलगी जन्माने नागरिक आहे तेव्हा तो प्रश्न मिटला.

दुसरं, आता जोडून करायचे रस्ते साधारण दोन. एक म्हणजे आधी सेवा आणि मग मास्टर्स. परत आलेल्यांसाठी कव्हरडेल फेलोशिप म्हणून प्रकार आहे, शंभराच्या वर युनिव्हर्सिट्या त्यात आहेत, फीमध्ये सूट किंवा स्टायपेंड मिळतो, बदल्यात अमेरिकेतल्याच एखाद्या गरजू वस्तीत इंटर्नशिप करायची. ती आयुष्यात कधीही घेता येते, परत आल्या आल्याच घ्यावी असं नाही. कुठल्या युनिव्हर्सिटीत कुठल्या विषयाला आहे ते मात्र एकेक तपासावं लागेल, सगळीकडे जिऑलॉजी नसते. दुसरा रस्ता म्हणजे ॲडमिशन घ्यायची आणि डिपार्टमेंटशी बोलून मधली दोन सव्वादोन वर्षं रजा किंवा डिफरल (प्रवेश पुढे ढकलणं) मागायचं, ते पूर्णपणे गाईडच्या मनावर.

पैसे: पगार नाही. स्थानिक माणसासारखं राहता येईल एवढा महिन्याचा भत्ता, दवापाणी आणि येण्याजाण्याचं त्यांच्याकडे. पूर्ण सेवा केली की शेवटी १० हजार डॉलरच्या वर एक रक्कम देतात, त्यावर टॅक्स आहे. परतल्यावर एक वर्ष केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठी नॉन-कॉम्पिटिटिव्ह असा दर्जा मिळतो, म्हणजे नोकरीची हमी नाही पण रांगेतून बाहेर काढून विचार होऊ शकतो. यूएसजीएससारखं (अमेरिकेचं भूवैज्ञानिक सर्वेक्षण खातं) ठिकाण डोक्यात असेल तर ही गोष्ट लहान नाही, फक्त त्या त्या वेळी भरती चालू आहे का ते नशीब. स्टुडंट लोन असेल तर त्याचे नियम आधी लोनवाल्याकडून लेखी घ्या, तोंडी नको.

आणि मेडिकल क्लिअरन्स! दातापासून मानसिक आरोग्यापर्यंत सगळं विचारतात, महिने लागतात. अक्कलदाढेचं काही असेल तर आत्ताच उरकून घ्या, गंमत नाही करत.

---

अश्मक

मी पुण्यात एमएस्सी जिऑलॉजी दुसऱ्या वर्षाला आहे. वाचून हेवा वाटला. आमच्यासारख्यांना असं काही आहे का? की पासपोर्ट बघूनच दार बंद?

---

फाईलवाला

पीस कोअरचं बंदच रे. भारतीय नागरिकाला यूएन व्हॉलंटियर्स आहे, त्यांचं मुख्यालय जर्मनीत बॉनला. तिथे तज्ज्ञ म्हणून परदेशात जायला वय २७ च्या पुढे आणि काही वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, तेव्हा एमएस्सी झाल्या झाल्या नाही, पण तरुणांसाठी वेगळ्या जागा निघतात. प्रोफाईल करून ठेव.

---

केवीनॉकर

अश्मक, जिओसायंटिस्ट्स विदाउट बॉर्डर्स बघ. एक्स्प्लोरेशन जिओफिजिसिस्टच्या सोसायटीने २००८ ला सुरू केलंय, २००४ ची त्सुनामी झाली त्यानंतरच्या विचारातून. भूजल, दरडी, भूकंप अशा प्रोजेक्टना पैसे देतात आणि त्यात विद्यार्थी असलेच पाहिजेत अशी अट असते. तू एकटा अर्ज नाही करायचास, तुझ्या सरांनी परदेशातल्या एखाद्या ग्रुपबरोबर मिळून करायचा. सरांना पटवायचं काम तुझं. रेझिस्टिव्हिटी सर्व्हे (जमिनीत वीज सोडून खालचे थर आणि पाणी ओळखायचं) हाताने केला असशील तर तेच तुझं भांडवल.

---

विक्रोळीकर

अवांतर लिहितो, माफ करा. पीस कोअर म्हटलं की आमच्या विक्रोळीला एक नाव आठवतं. जिमी कार्टर, जे पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांच्या मातोश्री लिलियन कार्टर साठ वर्षं ओलांडल्यावर पीस कोअरमधून भारतात आल्या आणि १९६६ ते ६८ विक्रोळीला गोदरेजच्या वसाहतीतल्या दवाखान्यात काम केलं, नर्स होत्या त्या. मी तेव्हा लहान, पण आमच्या वडिलांच्या तोंडी "कार्टरबाई" असायचं, बाई अमेरिकेच्या अध्यक्षाची आई होणार हे तेव्हा कुणाला ठाऊक! पुढे १९७६ च्या सुमाराला पीस कोअर भारतातून गेलं ते गेलंच.

सांगायचा मुद्दा, रेवाच्या बाबांना म्हणावं वयाची घाई नाही, अडुसष्टाव्या वर्षीही जाता येतं. पण मुलीला आत्ता जावंसं वाटतंय तर आत्ताच जाऊ दे.

---

सह्यभटक्या

सगळं कौतुक ठीक आहे पण मला खटकतंय म्हणून स्पष्ट लिहितो, राग मानू नये.

३० जुलै २०१४ ला माळीण गाडलं गेलं, दीडशेच्या आसपास माणसं. २०२१ ला तळीये. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. दरवर्षी जुलै आला की आम्हा ट्रेकरांच्या पोटात गोळा येतो. अशा उतारावरच्या वाड्या सह्याद्रीत पाहिजे तेवढ्या पडल्यात आणि तिथे पाऊस मोजायला कुणी नाही, आणि आपली पोरं एल साल्वादोरच्या डोंगरावर मापकं लावणार, भाषा येत नाही, माणसं माहीत नाहीत, दोन वर्षांनी सामान गुंडाळून थिसिस घेऊन घरी. गावाला काय मिळालं? डिग्री कुणाला मिळाली? हे जरा स्वतःला विचारा.

---

मनीमाऊ

सह्यभटक्या, रेवा न्यू जर्सीची आहे हो, तिला माळीणला पीस कोअर कसं पाठवणार? प्रोग्रामच नाही भारतात. बाकी मुद्दा विचार करण्यासारखा आहे.

---

केवीनॉकर

नाही, त्यांचा प्रश्न टाळू नका, तोच खरा प्रश्न आहे. राग वगैरे अजिबात नाही.

दोन वर्षांचा पाहुणा गाव वाचवत नाही, हे मी लिहून देते. ग्वाटेमालात फ्वेगो ज्वालामुखी ३ जून २०१८ ला फुटला, तापलेली राख आणि धोंडे दरीतून खाली येऊन सान मिगेल लोस लोतेस अख्खं गाडलं गेलं, शेकडो लोक गेले किंवा सापडलेच नाहीत. त्या डोंगराचा अभ्यास कमी झाला होता का? ढिगाने पेपर आहेत! धोक्याचे नकाशे होते, वेधशाळेचे निरीक्षक पायथ्याला बसलेले असतात. माहिती होती, ती वेळेवर दरवाजापर्यंत पोचायला आणि दरवाजा उघडून माणूस निघायला जे लागतं ते कमी पडलं. ही मधली जागा पेपर लिहून भरत नाही, तिथे राहिलेली माणसंच भरतात, आणि ती बहुतेक वेळा तिथलीच असतात.

मग परदेशी पोरगी कशाला? तर माझ्या अनुभवात एवढंच की ती जोडकाम करू शकते. राजधानीतल्या हवामान आणि भूकंपाच्या ऑफिसातल्या साहेबाला वाडीचं नाव माहीत नसतं आणि वाडीतल्या बाईला साहेबाचा फोन नंबर. मी दोन्हीकडे बसून चहा, म्हणजे कॉफी, पिऊ शकत होते कारण मी दोघांचीही नव्हते. जाताना नंबर एकमेकांना देऊन आले. मी निघाल्यावर काही मापकं बंद पडली, मुकादमाने मळा सोडला, ते गेलं. आजोबांचं मात्र चालू राहिलं कारण त्यांना ते स्वतःचं वाटत होतं.

आणि डिग्री मला मिळाली हे खरंच आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही, पण म्हणूनच रेवाला एक सांगीन की थिसिसचा विषय इथून ठरवून जाऊ नको. पहिलं वर्ष नुसतं राहा, भाषा शीक, लोक कशाला घाबरतात ते ऐक. माझ्या गावात लोकांची पहिली तक्रार दरड नव्हतीच, पाणी होतं. उन्हाळ्यात झरा आटायचा. मी आधी झऱ्याचं काम केलं, कुठल्या थरातून पाणी येतं, वर कुणाची गुरं चरतात, टाकी कुठे बांधायची, आणि त्यामुळे मग दरडीबद्दल बोलायला लोक बसले. आधीच दरडीवर भाषण दिलं असतं तर हात जोडून वाटेला लावलं असतं.

अजून एक, माणसांच्या मुलाखती थिसिसमध्ये घ्यायच्या तर युनिव्हर्सिटीच्या एथिक्स कमिटीची परवानगी जायच्या आधी काढावी लागते, मागाहून मिळत नाही. दगडाची सँपल बाहेर नेण्याचे त्या त्या देशाचे नियम वेगळे. आणि पीस कोअरलाही विचारावं लागतं, तू तिथे त्यांची व्हॉलंटियर आहेस, विद्यार्थिनी नंतर. दोन साहेब खूश ठेवायचे, सोपं नसतं.

---

सह्यभटक्या

हे प्रामाणिक उत्तर आवडलं. झऱ्याचा मुद्दा तंतोतंत, आमच्याकडे पण वाडीवर गेलं की पहिला विषय टँकर. तरी माझं म्हणणं कायम, अश्मकसारख्या पोरांनी एक पावसाळा एखाद्या वाडीत राहून काढावा, कुणाची फेलोशिप लागत नाही त्याला.

---

अश्मक

सह्यभटक्या, येतो. मेसेज करतो. जून ते सप्टेंबर सरांनी सोडलं तर. भोर किंवा महाडच्या बाजूला तुमच्या ओळखीची वाडी असेल तर सांगा, पर्जन्यमापक डिपार्टमेंटला धूळ खात पडलेत.

---

रेवाची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल रेवाला आणि तिच्या बाबांना बसवून सगळा धागा वाचून दाखवला, तिला मराठी वाचता येत नाही पण कळतं. डेंग्यूवाल्या आजोबांवर खूप हसली. बाबा अक्कलदाढेवर अडकलेत, अपॉइंटमेंट घेतली लगेच.

सुरक्षेचं तेवढं राहिलं. केवीनॉकर, तुमच्या वेळी भीती वाटली का? आणि मधेच परत बोलावलं तर अभ्यासाचं काय?

---

केवीनॉकर

भीती वाटली, खोटं सांगत नाही. अंधार पडल्यावर बाहेर नाही, काही बस रूट बंद, शहरात एकटीने नाही, असे नियम होते आणि मी पाळले. एल साल्वादोरचा प्रोग्राम २०१६ च्या सुरुवातीला सुरक्षेमुळे स्थगित केला, निकाराग्वामधून २०१८ ला सगळ्यांना काढलं आणि मार्च २०२० मध्ये कोविडमुळे तर जगभरातल्या सुमारे ७ हजार व्हॉलंटियर्सना काही दिवसांत घरी आणलं. थोडक्यात, बोलावणं येऊ शकतं आणि तेव्हा वाद घालायचा नसतो, बॅग भरायची असते.

म्हणून अभ्यासाची सोय अशी करावी की सगळी अंडी तिथल्या डेटात नकोत. माझ्या ज्युनिअरने उपग्रहाच्या चित्रांवरून दरडीच्या खुणा काढायचं काम आधीच करून ठेवलं होतं, ते घरबसल्या पुरं करता येतं. रेवाने गाईड निवडताना हाच प्रश्न विचारावा: मी सहा महिन्यांत परत आले तर माझा थिसिस काय असेल? ज्या प्रोफेसरकडे याचं उत्तर तयार असेल किंवा जो निदान विचारात पडेल त्याच्याकडे जावं. "तेव्हाचं तेव्हा बघू" म्हणणाऱ्याकडे नको. युनिव्हर्सिटीचं नाव दुय्यम आहे, खरंच.

आणि स्पॅनिश आजपासून सुरू करायला सांगा, किंवा फ्रेंच, देश कुठला मिळतो त्यावर आहे. अर्ज करताना देश सांगता येतो हल्ली, आमच्या वेळी मागून कळायचं.

---

रेवाची_आई

ती हायस्कूलमध्ये चार वर्षं स्पॅनिश शिकलीय, म्हणते विसरलेय पण येईल. सध्या ठरलंय असं की या फॉलला मास्टर्सचे अर्ज टाकायचे, प्रत्येक प्रोफेसरला तुमचा तो सहा महिन्यांचा प्रश्न ईमेलमध्ये विचारायचा आणि उत्तरं आली की मग पीस कोअर आधी की नंतर ते ठरवायचं. बाबा अजून "नंतर"वर आहेत. मी तटस्थ, म्हणजे तिच्या बाजूने.

एक शेवटचं, रॉक हॅमर विमानात नेता येतो का? तिने आत्ताच विचारून ठेवलंय.

---

केवीनॉकर

चेक-इन बॅगेत टाकायचा, केबिनमध्ये अजिबात नाही, माझ्यासमोर एकाचा काढून घेतलाय. आणि टोकाला जाड मोजा गुंडाळायला सांगा, नाहीतर बॅग फाटते.

---

आगाऊ_कार्टा

काकू, बाबांचा "नंतर" टिकत नाही, लिहून ठेवा :ड पोरगी हॅमर पॅक करायला लागलीय.